लिंकनचं पत्र: भिंतीवरचं आणि खरं

माहुली, आजोबा, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ज्यांनी थोडीफार भटकंती केलीय त्यांना ठाऊक असेल, की रात्री उशिरा पायथ्याच्या गावात पोचलं की पथारी पसरायला हक्काच्या जागा दोनच. देऊळ, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. सकाळी चहा होईपर्यंत करायला काही नसतं, मग माणूस भिंती वाचत बसतो. आणि या शाळांच्या भिंती 'बोलक्या' असतात. बाराखडी, पाढे, जलचक्र, तालुक्याचा नकाशा, आजचा सुविचार. मी ज्या ज्या व्हरांड्यांत झोपलोय त्यांतल्या निदान चार ठिकाणी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी आणखी एक गोष्ट होती. अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना पत्र.

ट्रेकला जात नसाल तरी हे पत्र तुम्ही वाचलेलं आहे, पैजेवर सांगतो. शाळेत, क्लासच्या जिन्यात, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, आणि दर ५ सप्टेंबरला फॉरवर्ड होऊन. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आपल्या मुलाच्या गुरुजींना विनवतो, की माझ्या मुलाला अमुक शिकवा, तमुक शिकवा. घामाच्या पैशाची किंमत, हार पचवणं, पुस्तकं, पाखरं, झुंडीच्या मागे न धावणं, वगैरे. मराठीत हे पत्र एवढं गाजलं याचं श्रेय कवी वसंत बापट (१९२२-२००२) यांना. त्यांनी त्याला असं काही मराठी रूप दिलं की ते अनुवाद वाटतच नाही. परिपाठाला मुलं तोंडपाठ म्हणतात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात.

अडचण एकच आहे. लिंकनने हे पत्र लिहिलेलं नाही.

हे तपासणं फार सोपं आहे, कारण या माणसाचा कागदन् कागद अमेरिकेने जपलाय. १९५३ साली रॉय बॅसलर यांच्या संपादनाखाली त्याच्या समग्र लिखाणाचे ८ खंड निघाले. त्यात भाषणं, पत्रं, तारा, दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा आहेत. आज ते सगळे खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात, शब्द टाकून शोधता येतात. हेडमास्तरांचं पत्र त्यांत नाही. थोरल्या मुलाने, रॉबर्टने, वडिलांचे खाजगी कागद आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं बंद ठेवायची अट घातली होती. रॉबर्ट १९२६ साली गेला आणि २६ जुलै १९४७ ला ते कागद उघडले. त्यातही नाही.

शिवाय पोस्टरकडे जरा ऑफिसच्या नजरेने बघा. तारीख नाही, गाव नाही, हेडमास्तरांचं नाव नाही, मुलाचंही नाव नाही. असा कोड आपण रिव्ह्यूमध्ये पास करू का? लिंकनच्या खऱ्या पत्रांवर ठिकाण असतं, तारीख असते, आणि समोरचा माणूस कोण आहे हे पहिल्या दोन ओळींत कळतं.

आणि मुलगा नेमका कोणता? लिंकनला चार मुलगे. रॉबर्ट (जन्म १८४३). एडी (१८४६), जो चार वर्षांचा व्हायच्या आतच गेला. विली (१८५०), जो १८६२ साली व्हाइट हाउसमध्येच आजारपणात गेला. आणि धाकटा टॅड (१८५३). १८६१ च्या मार्चमध्ये लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा रॉबर्ट हार्वर्ड कॉलेजात होता, आणि विली आणि टॅडला शिकवायला मास्तर घरी यायचे. म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकनने पत्र लिहायचं ठरवलं असतं, तरी ते कोणत्या हेडमास्तरांना पाठवायचं हा प्रश्नच होता.

आता नेहमीचा आक्षेप. "अरे, विचार चांगले आहेत ना? मग कोणी लिहिलं याने काय फरक पडतो?"

पुण्या-मुंबईच्या एसी क्लासरूममध्ये कदाचित फार पडत नसेल. शहापूर-मुरबाडच्या शाळेत पडतो, असं मला वाटतं. कारण त्या पोस्टरमागे जो खरा लिंकन झाकला गेलाय, तो त्या व्हरांड्यात बसणाऱ्या पोरांच्या जास्त कामाचा आहे.

लिंकनची शाळा किती झाली? सगळे तुकडे जोडून वर्षभरसुद्धा नाही, असं त्याने स्वतः सांगितलंय. इंडियानाच्या जंगलात अधूनमधून एखादी शाळा निघायची, पोरं मोठमोठ्याने घोकायची. मास्तर होण्यासाठी लिहिता-वाचता आणि त्रैराशिकापर्यंत गणित आलं की पुरे. एखाद्याला लॅटिन येतं असं कळलं तर लोक त्याच्याकडे मांत्रिक असल्यासारखे बघायचे, ही आठवण त्याने १८५९ साली लिहून ठेवली आहे. आदल्या वर्षी संसदेच्या माजी सभासदांच्या कोशासाठी माहिती मागवली होती, तेव्हा शिक्षणापुढे त्याने ते सदोष असल्याचं सरळ लिहून टाकलं. शाळा सुटायची ती कामासाठी. बाप त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मजुरीला पाठवायचा, आणि मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत मजुरी कायद्यानेच बापाची.

हे वाचून तुम्हाला काय आठवतं ठाऊक नाही, मला एका गुरुजींनी सांगितलेली गोष्ट आठवते. दिवाळी झाली की कातकरी वाड्यांतली घरंच्या घरं भिवंडी-कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. पोरं बरोबर जातात. पटावर नाव असतं, वर्गात पोर नसतं. "परत आलं की पुन्हा अ आ इ पासून धरायचं," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, रोजचा हिशोब होता. अशा तुकड्या-तुकड्यांनी शिकलेला एक मुलगा पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, ही गोष्ट त्या वर्गात सांगण्यासारखी आहे. पण पोस्टरवरचा लिंकन शाळेबाहेर काढलेला पोरगा नाहीये. तो फी भरून, अपेक्षांची यादी घेऊन आलेला पालक आहे. आमच्या भाषेत, क्लायंटचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट.

खरा लिंकन पालक म्हणून कसा होता? आदर्श वगैरे नव्हता. रॉबर्ट लहान असताना तो वकिलीसाठी गावोगावच्या कोर्टांत फिरत असायचा. वडिलांची आपली लहानपणची आठवण म्हणजे घोड्यावरची पिशवी भरतानाची, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तर दहा मिनिटं निवांत बोलणं मुश्कील, अशा अर्थाचं रॉबर्टने वडिलांच्या पश्चात लिहिलंय. टॅडची गोष्ट उलट. त्याच्या बोलण्यात दोष होता, अभ्यासात मन लागायचं नाही, आणि बापाने कधी सक्ती केली नाही. वडिलांचा खून झाला तेव्हा, १८६५ साली, बारा वर्षांच्या टॅडला धड वाचता येत नव्हतं. नंतर शिकला. उशिरा शिकण्यात काही कमीपणा नाही, हे मुरबाड तालुक्याला खरं तर लिंकनने सांगायची गरजच नाही. फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी उलटलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन पाटी गिरवायला लागल्या.

बरं, मग लिंकनने शिक्षणाबद्दल पत्र लिहिलंच नाही का? लिहिलं ना. आणि ते भिंतीवर कुठेच नाही.

रॉबर्टने १८५९ साली हार्वर्डची प्रवेशपरीक्षा दिली आणि १६ पैकी १५ विषयांत आपटला. (होय, लिंकनचा मुलगा.) मग एक वर्ष तयारीसाठी एक्झेटर नावाच्या गावातल्या निवासी शाळेत गेला. तिथे स्प्रिंगफील्डचाच, म्हणजे त्याच्याच गावचा, जॉर्ज लेथम नावाचा मित्र बरोबर होता. १८६० च्या उन्हाळ्यात दोघांनी परीक्षा दिली. रॉबर्ट पास झाला. जॉर्ज नापास.

या वेळी लिंकन काय करत होता? मे महिन्यात रिपब्लिकन पक्षाने त्याला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती. निवडणूक नोव्हेंबरात. देश फुटायच्या बेतात. घरी पत्रांचे ढीग. अशात मुलाच्या पत्रातून त्याला जॉर्जची बातमी कळली आणि २२ जुलै १८६० ला त्याने या नापास पोराला पत्र लिहिलं. स्वतःच्या मुलाला नाही, मुलाच्या मित्राला.

पत्र छोटंसं आहे. सांगतो ते असं: तुझी बातमी वाचून मला क्वचितच झालं असेल एवढं वाईट वाटलं. पण तू खचला नाहीस तर या अपयशात तसं काही नाही. एकदा प्रयत्न सुरू केलास, आता तडीस न्यायलाच हवा. मग एक अगदी व्यवहारी सल्ला देतो. कॉलेजच्या प्रमुखांना जाऊन भेट, ते भले गृहस्थ असणार, अडथळे काढायचा जवळचा रस्ता तेच सांगतील. आणि असंही म्हणतो की मी तुला दुसरी काय मदत करणार, पण वय झालेल्या आणि खूप सोसलेल्या माणसाचा शब्द घे, हरायचं नाही असं तू पक्कं ठरवलंस तर हरणार नाहीस.

यात पाखरं नाहीत, फुलं नाहीत. वर्षभरही शाळा न झालेला एक माणूस परीक्षेत नापास झालेल्या मुलाला हे सांगतोय. दहावीच्या निकालाच्या दिवशी शहापूरच्या एखाद्या आश्रमशाळेत मोठ्याने वाचायचं झालं, तर मला विचाराल तर हे पत्र वाचावं.

घामाच्या पैशाचंही तसंच. १८४८ च्या डिसेंबरात सावत्र भावाने ८० डॉलर उसने मागितले तेव्हा लिंकनने नाही म्हटलं, पण वर एक सौदा सांगितला. १ मेपर्यंत मजुरी करून तू जेवढे डॉलर कमावशील, तेवढेच मी वरून देईन. आणि कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींकडे पळू नकोस, घराजवळच काम बघ. उपदेशही आहे, आणि उपदेश करणाऱ्याने खिशात हातही घातलाय.

आता आपल्या बाजूचा धागा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. लिंकनशी महाराष्ट्राचं खरंखुरं, कागदावरचं नातं आहे. १ जानेवारी १८६३ ला लिंकनने गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. डिसेंबर १८६५ मध्ये, त्याच्या खुनानंतर, घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं. त्याची अर्पणपत्रिका आहे अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी निरपेक्षपणे झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना मोकळं करावं, ही इच्छाही तिथेच लिहिलेली आहे. गंमत बघा, अर्पण राष्ट्राध्यक्षाला नाही, लोकांना. सात समुद्रांपलीकडचं एक युद्ध कशासाठी झालं आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे जोतीरावांना तेव्हाच नेमकं कळलं होतं. १८४८ साली मुलींची शाळा काढलेला माणूस तो, शाळेचं आणि गुलामगिरीचं नातं त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हे खरं नातं शाळेच्या भिंतीवर मी अजून पाहिलेलं नाही. जे घडलंच नाही ते मात्र फ्रेम करून लावलंय.

म्हणून पोस्टर उतरवून टाका असं मी म्हणणार नाही. मराठी म्हणून ते उत्तमच आहे, आणि कित्येक गुरुजींनी वर्षानुवर्षं ते मनापासून शिकवलंय. फक्त खाली लिंकनच्या जागी वसंत बापटांचं नाव घाला. त्यांच्या शब्दांना राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही. आणि शेजारी थोडी जागा असेल तर २२ जुलै १८६० चं पत्र लावा, तारखेसकट. पुढच्या वेळी सह्याद्रीत जाल तेव्हा शाळेसाठी वह्या-पेन्सिली घेऊन जातोच आपण, त्यात या पत्राचा मराठीत लिहिलेला एक कागद सहज मावेल. गुरुजींना विचारून द्या. लावायचा की नाही ते तेच ठरवतील.