किमुरांचा हिशेब : उत्क्रांतीचा सिद्धांत मोडला की वाढला?

१/ ‘डार्विनच्या सिद्धांतावर आता शास्त्रज्ञच शंका घेऊ लागले आहेत’ असे वाक्य अधूनमधून कानी पडते. शंका घेतल्या जातात हे खरे; पण त्या दीडशे वर्षांपासून घेतल्या जात आहेत. त्यांतील एका शंकेची कथा आज पाहू. सिद्धांताचा विस्तार होणे आणि सिद्धांत कोसळणे यांतील अंतर तिच्यातून चांगले उमजते.

२/ १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा गुण एका पिढीतून दुसरीत कसे जातात हे कोणासच ठाऊक नव्हते. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने नेमके तेथेच बोट ठेवले : आईबापांचे गुण रंगांप्रमाणे एकमेकांत मिसळत असतील, तर एखादा नवा गुण काही पिढ्यांत विरून जाईल, मग निवड होणार कशाची? डार्विनपाशी याचे समाधानकारक उत्तर नव्हते.

३/ उत्तर मेंडेलच्या वाटाण्यांत होते. त्याचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, पण त्याचे मोल जगाला १९०० मध्ये कळले. गंमत अशी की, मेंडेलचे पहिले अनुयायीच डार्विनच्या विरोधात उभे राहिले. उत्क्रांती मोठ्या उड्यांनी होते, नैसर्गिक निवडीचे काम दुय्यम, असे त्यांचे म्हणणे होते.

४/ हा तंटा गणिताने मिटवला. रोनाल्ड फिशर, स्यूअल राइट आणि जे. बी. एस. हॉल्डेन या तिघांनी १९१८ ते १९३२ या काळात दाखवून दिले की, मेंडेलचे नियम आणि डार्विनची निवड परस्परपूरक आहेत. १९४२ मध्ये ज्युलियन हक्सली यांच्या ग्रंथाने या मांडणीला ‘आधुनिक संश्लेषण’ हे नाव दिले. सिद्धांताचा हा पहिला मोठा विस्तार.

५/ पुढचा पेच मात्र या तिघांपैकीच एकाने निर्माण केला. १९५७ मध्ये हॉल्डेन लंडन सोडून भारतात आले आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कोलकात्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. पुढे ते भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. ते संपादित करीत असलेले ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ही त्यांच्यासोबत भारतात आले, आज ते बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी प्रसिद्ध करते.

६/ याच नियतकालिकात १९५७ मध्ये हॉल्डेन यांनी ‘निवडीची किंमत’ मोजली. नवे जनुक जुन्याची जागा घेते, याचा अर्थ जुने जनुक बाळगणारे जीव मरतात किंवा निपुत्रिक राहतात. कोणतीही जात असे नुकसान एका मर्यादेपर्यंतच सोसू शकते. हॉल्डेन यांचा अंदाज होता : एका जनुकाच्या अशा बदलास सरासरी सुमारे ३०० पिढ्या लागतात.

७/ अकरा वर्षांनी जपानमधील मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत मोतो किमुरा यांनी दुसरा हिशेब मांडला. तोवर निरनिराळ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांची तुलना शक्य झाली होती. त्यांतील फरकांवरून किमुरांनी अनुमान काढले की, सस्तन प्राण्यांच्या संपूर्ण जनुकसंचात दर दोन वर्षांच्या आसपास एक बदल कायम होत असला पाहिजे. कोठे ३०० पिढ्या आणि कोठे दोन वर्षे!

८/ किमुरांचा निष्कर्ष धीट होता : रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल निवडीने झालेलेच नाहीत. ते ना हितकर ना घातक, म्हणजे तटस्थ असतात आणि केवळ योगायोगाने पसरतात. लाल-पांढऱ्या दाण्यांच्या पोत्यातून शेतकऱ्याने डोळे मिटून मूठभर बियाणे घेतले, तर पुढच्या वर्षी रंगांचे प्रमाण थोडे बदलेल. असे वर्षानुवर्षे चालले, तर एक रंग नाहीसाही होईल. त्यात कोणी कोणाला निवडलेले नसते.

९/ १९६९ मध्ये जॅक किंग आणि टॉमस ज्युक्स यांनी हाच विचार स्वतंत्रपणे मांडला आणि लेखाचे शीर्षक ठेवले ‘अ-डार्विनी उत्क्रांती’. वादळ उठले. हॉल्डेन यांचेच शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ यांनी दाखवले की, निवडीची ‘किंमत’ मोजण्याच्या रीतीतच कच्चे दुवे आहेत. म्हणजे किमुरा ज्या पायरीवरून निघाले, तीच डळमळीत ठरली.

१०/ तरीही तटस्थ सिद्धांत टिकला, कारण त्याची भाकिते पडताळून पाहता येत होती. त्याच्या मते प्रथिनाचा जो भाग कामासाठी कमी महत्त्वाचा, तो झपाट्याने बदलला पाहिजे; जो अत्यावश्यक, तो जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. आढळले तसेच. डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोन एच-४ प्रथिनात १०२ अमिनो आम्ले असतात. गाय आणि वाटाणा यांच्यात त्यांपैकी केवळ दोन वेगळी निघाली!

११/ पुढे तर हा सिद्धांत मोजपट्टी बनला. केवळ योगायोगाने किती बदल अपेक्षित आहेत हे ठाऊक असेल, तरच त्याहून निराळे काही दिसल्यास ‘येथे निवड झाली’ असे म्हणता येते. १९९१ ची मॅक्डोनाल्ड-क्राइटमन कसोटी याच तत्त्वावर उभी आहे. ‘अ-डार्विनी’ म्हणवला गेलेला विचार अशा रीतीने डार्विनची निवड शोधण्याचे साधन झाला. १९९२ मध्ये रॉयल सोसायटीने किमुरांना पदक दिले, त्याचे नावच ‘डार्विन पदक’.

१२/ आता अलीकडचा वाद. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये केव्हिन लॅलंड आणि सहकाऱ्यांनी लिहिले की, सिद्धांताची फेरमांडणी हवी : जीव आपला परिसर स्वतः घडवतात, गर्भविकास बदलांना दिशा देतो, आणि वारसा केवळ जनुकांतून येत नाही. त्याच अंकात ग्रेगरी रे, होपी होकस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले : यांचा अभ्यास चालूच आहे, डार्विनने गांडुळांवर लिहिलेले अखेरचे पुस्तकही माती घडवणाऱ्या जीवांविषयीच होते. २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीतही यावर परिषद झाली.

१३/ दोन्ही बाजूंच्या मनात उत्क्रांती घडते किंवा निवड घडते याविषयी शंका नाही. कोणत्या कारणाला किती वजन द्यावे, एवढाच वाद आहे. त्याचा निकाल किमुरांच्याच वाटेने लागेल. जी मांडणी जुन्या गणितातून न निघणारे भाकीत करील आणि ते खरे ठरेल, तिला सिद्धांतात जागा मिळेल. उरलेली नव्या नावाची जुनी गोष्ट ठरेल.

१४/ हा भेद आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक असल्याचे विधान केले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे ते खोडून काढले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे विरोध नोंदवला.

१५/ ज्या विद्यार्थ्याला मूळ सिद्धांतच शिकवला गेला नाही, त्याला ‘विस्तार हवा’ आणि ‘सिद्धांत खोटा’ ही दोन वाक्ये सारखीच वाटतील. जेंकिन, हॉल्डेन, किमुरा यांचे आक्षेप कडक होते. पण प्रत्येकाने आधी डार्विन नीट वाचला होता. म्हणूनच त्यांच्या आक्षेपांनी सिद्धांत अधिक भक्कम झाला.