आजीबाईंनी जपलेली पत्रे : पंडिता रमाबाईंच्या पत्रसंग्रहाचे ऐतिहासिक मोल

घरोघरी जपलेल्या पत्रांच्या व स्वाक्षऱ्यांच्या संग्रहात स्नेहाची आणि गौरवाची पत्रे सहज स्थान मिळवतात. मतभेदाच्या पत्रांच्या वाट्याला मात्र बहुधा चूल किंवा केराची टोपली येते. म्हणूनच आपले म्हणणे खोडून काढणारी पत्रे ज्या संग्राहकाने जपली, त्याचे ऋण इतिहासावर अधिक असते. पंडिता रमाबाईंचा इंग्लंडमध्ये जतन झालेला पत्रसंग्रह हे त्याचे ठळक उदाहरण होय.

रमाबाई 1883 साली आपली चिमुकली कन्या मनोरमा हिच्यासह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी मायलेकींचा तेथे बाप्तिस्मा झाला. या संघातील भगिनी जेराल्डाईन ह्या रमाबाईंच्या धर्ममाता. मायलेकी त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, आणि रमाबाईंच्या इंग्रजी पत्रांतूनही हे मराठी संबोधन आढळते. बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाल्यावर रमाबाई 1884 साली चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. तेथे त्या शिकत आणि संस्कृतही शिकवीत. 1886 पर्यंतच्या या काळात त्यांचा जेराल्डाईनबाईंशी पत्रव्यवहार चालू होता. आजीबाईंनी ही पत्रे राखली. त्यांच्या जोडीला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची व बिशपांची पत्रेही एकत्र केली आणि सर्वांस आपली टिपणे जोडली.

या पत्रांतील वाद किरकोळ नाहीत. पहिला वाद क्रूसाचा. भगिनींच्या क्रूसावरील अक्षरे लॅटिन होती. आपल्या क्रूसावर अक्षरे असायचीच तर ती संस्कृत असावीत, असा रमाबाईंचा आग्रह. संस्कृत ही देववाणी आहे अशी त्यांची श्रद्धा नव्हती. ती आपल्या मायभूमीची प्राचीन व सुंदर भाषा आहे, आणि लॅटिन आपल्याला परकी आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दुसरा वाद अध्यापनाचा. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावे की काय, हा प्रश्न निघताच लाहोरचे बिशप फ्रेंच व मुंबईचे बिशप माईल्न यांनी हरकत घेतली. अशाने मायदेशी त्यांचे वजन कमी होईल, अशी त्यांना भीती होती. आपल्या वडिलांनी वा पतीने जे कधी निषिद्ध मानले नाही, ते इंग्रज धर्माधिकाऱ्यांनी निषिद्ध मानावे, याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले. तिसरा वाद सर्वांत गंभीर. त्र्यैक्याचा सिद्धांत व अथनासियसचा मतांगीकार त्यांच्या बुद्धीस पटत नव्हता. पवित्र शास्त्र वाचून आपल्या सद्सद्विवेकबुद्धीने निर्णय करण्याचा हक्क त्या कोणाही धर्मगुरूच्या हाती सोपवण्यास तयार नव्हत्या. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे, यावरूनही याच कारणाने खटके उडाले.

जेराल्डाईनबाईंच्या टिपणांत या वृत्तीला गर्व व हट्ट अशी नावे दिलेली दिसतात. बीलबाईंची दृष्टी निराळी होती. रमाबाईंसारख्या विदुषीला ख्रिस्ती धर्म तत्त्वज्ञानाच्या अंगानेच अभ्यासावा लागेल, हे ओळखून त्यांनी धीराचा सल्ला दिला. एकीच्या मनात आत्म्याच्या हिताची काळजी, तर दुसरीच्या मनात शिष्येच्या बुद्धीविषयी आदर. दोन्ही भावना खऱ्या होत्या. पण आजीबाईंचे टिपणच तेवढे उरले असते, तर रमाबाई आपल्यापुढे केवळ एक अवज्ञाकारी शिष्या म्हणून उभ्या राहिल्या असत्या. पत्रे उरली म्हणून त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच शब्दांत कळतो. आजीबाईंनी न्याय दिला असेल वा नसेल, पुरावा मात्र दिला. आणि न्याय पुढील पिढ्यांना करता आला तो त्या पुराव्याच्या बळावर.

हा संग्रह 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याचे संपादक अ. भि. शहा हे इंडियन सेक्युलर सोसायटीचे अध्वर्यू. एका ख्रिस्ती संन्यासिनीने जपलेला ठेवा एका इहवादी विचारवंताच्या हातून महाराष्ट्रापुढे यावा, ही गोष्ट आपणांस अंतर्मुख करणारी आहे.

अशा संग्रहाचे वाचन करताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे, की संग्राहकाचे टिपण व मूळ पत्र यांची गल्लत करू नये. टिपण हाही पुरावाच, पण तो टिपणकाराच्या मनाचा. दुसरे असे, की वादाच्या भरात लिहिलेल्या एका पत्रावरून सबंध आयुष्याचा निवाडा करू नये. 1885 साली मतांगीकाराशी झगडणाऱ्या रमाबाईंनीच पुढे 1889 साली मुंबईस शारदा सदन काढले आणि केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा दिला. 1922 साली झालेल्या मृत्यूपर्यंत त्या पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या. शंका ही त्यांच्या श्रद्धेची शत्रू ठरली नाही. श्रद्धेकडे जाणाऱ्या वाटेवरील ती एक चढण ठरली.

आपल्या मंडळ्यांच्या दप्तरांत बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या निगुतीने राखल्या जातात. पण एखाद्या शिक्षकाने पाळकाला लिहिलेले तक्रारीचे पत्र, एखाद्या प्रचारकाचा राजीनामा, एखाद्या विधवेने केलेला प्रश्न यांचे काय होते? कपाट आवरताना तेच कागद प्रथम बाहेर पडतात. ज्यांच्या हाती मंडळीचे दप्तर आहे, त्यांच्या हाती मंडळीची स्मृतीही आहे. न पटलेले पत्र फाडण्यापूर्वी आपण वाँटेजच्या त्या आजीबाईंचे स्मरण करावे. ज्या मुलीचे म्हणणे त्यांना पटत नव्हते, तिचा शब्द मात्र त्यांनी नाहीसा होऊ दिला नाही.