मंचावर न आलेला आल्बम

आज आल्बम आला की पाठोपाठ त्याची वर्ल्ड टूर जाहीर होते. बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ ५ ऑगस्ट १९६६ला ब्रिटनमध्ये आला आणि आठवड्याभरात त्यांचा अमेरिका दौरा सुरू झाला. पण त्या दौऱ्यात या आल्बममधलं एकही गाणं त्यांनी वाजवलं नाही.

वाजवणार तरी कसं? ‘एलिनॉर रिग्बी’ला आठ तंतुवादक लागतात, ‘लव्ह यू टू’ला सतार आणि अनिल भागवतांचा तबला. ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये तर टेपचे तुकडे गोल जोडून फिरवलेले. मंचावर मात्र चौघेच, आणि किंकाळ्यांपुढे तोकडे पडणारे अँप्लिफायर. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसे. अर्ध्या तासात आधीची अकरा गाणी उरकायची आणि निघायचं.

२९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये हे संपलं. त्यानंतर बीटल्सनी कधीच दौरा केला नाही. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा स्टुडिओत शिरले. दौऱ्यासाठी गाणं सोपं करण्याऐवजी त्यांनी दौराच सोडला. हेडफोन लावून एकट्याने अख्खा आल्बम ऐकताना आपण त्याच निर्णयाचं फळ चाखत असतो.