आतड्याच्या कर्करोगातील पोषणाधार
मोठे आतडे व गुदाशयाच्या कर्करोगावरील उपचार सुरू असताना वजन आणि स्नायू टिकवण्यासाठी केलेली आहारयोजना. बीड जिल्ह्यातील रुग्णांना या उपचारांसाठी बहुधा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा बार्शीचे कर्करोग रुग्णालय गाठावे लागते.

रुग्णाला साधारणपणे दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने. भाकरी-ठेच्यावर हे गणित जमत नाही. वरण, दही, अंडी, दूध यांची जोड हवी. किरणोपचार वा केमोथेरपीने जुलाब लागले, तर ज्वारी-बाजरीची भाकरी, तिखट आणि सालीची कडधान्ये काही दिवस थांबवून मऊ भात, मुगाचे वरण, केळी, ताक व जलसंजीवनी द्यावी. बरे वाटताच नेहमीचे जेवण हळूहळू परत आणावे; महिनोन्‌महिने पेजेवर ठेवणे ही मायेपोटी होणारी चूकच.

ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध दिल्यानंतर काही दिवस थंड पदार्थांनी घशात, बोटांत मुंग्या येतात. उन्हाळ्यात माठाचे पाणीही बोचते. लहान आतड्याचे तोंड पोटावर काढले असल्यास शेंगदाणे, मक्याचे दाणे अडकू शकतात. अशक्तपणात कडक उपवास टाळावेत. कॅपेसिटाबिन हे केमोथेरपीचे औषध चालू असताना फॉलिक आम्लाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्या गोळ्यांनी या औषधाचे दुष्परिणाम वाढतात.