आभाळातली वीज आणि किल्लारीच्या पोटातला खडक

वीज पडलेल्या जागेवरून खालचा खडक ओळखता येईल का? प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये कामिय दोझेर यांनी हाच संबंध तपासला होता. पण वीज कुठे पडणार हे बरंचसं ढग, डोंगर आणि उंच झाडंच ठरवतात. नुसत्या ठिकाणांवरून काढलेला नकाशा कच्चाच राहतो.

खरी वाट निघाली ती विजेच्या लहरींतून. १९५० साली रशियात तिखोनोव आणि १९५३ साली फ्रान्समध्ये कान्यार यांनी तिचं गणित मांडलं. जगात दर सेकंदाला चाळीसेक विजा चमकतात. त्यांच्या विद्युतचुंबकीय लहरी पृथ्वीभर फिरतात, थोड्या जमिनीतही मुरतात. वेगवान लहर वरच्यावर विरते, संथ लहर खोल जाते. (अगदी संथ लहरी मात्र सूर्याच्या कृपेने येतात.) जमिनीत इलेक्ट्रोड आणि चुंबकीय कॉइल पुरून त्या मोजल्या, की कोणत्या खोलीवरचा खडक विद्युतप्रवाहाला किती अडवतो ते कळतं. कोरडा ग्रॅनाइट खूप अडवतो, खारं पाणी मुरलेला खडक सहज वाट देतो. ना सुरुंग, ना खोदाई.

आता आपल्याकडे या. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसं गेली. सरकारी नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता! वर काळा कातळ, खाली काय ते दिसत नव्हतं. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे याच पद्धतीने मोजणी केली. काही किलोमीटर खोल, प्रवाहाला सहज वाट देणारा थर सापडला. त्यात द्रव असावा, असा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. भोक पाडलं तेव्हा कळलं, काळा कातळ जेमतेम ३३८ मीटर, त्याखाली प्राचीन खडक.

या मोजणीने भूकंपाची तारीख सांगता येत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण कुठला खडक दुबळा, एवढं कळलं तरी घरं कशी बांधायची ते ठरवता येतं.

मला खुपतं ते एवढंच. पद्धत चाळीस वर्षांपूर्वीच हाताशी होती, विजा तर फुकटच पडत होत्या. मोजणी मात्र गावं पडल्यावर झाली. तुमच्या तालुक्याखाली काय आहे, हे कुणी मोजलंय का? आमदार-खासदार भेटले की रस्त्यासोबत हेही विचारा.