जोड्यातला खडा

जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या चर्चमध्ये आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. लोक जातात ते संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाची चांदीची पेटी पाहावयास. ती पाहून झाली की मंडळी बाहेर येतात आणि शहाळी शोधू लागतात. मुख्य वेदीकडे फारसे कोणी निरखून पाहत नाही. सोनेरी मुलाम्याने झगमगणाऱ्या त्या वेदीवर, बाळ येशूच्या लहानशा मूर्तीच्या वर, एक भव्य पुरुष आभाळाकडे डोळे लावून उभा आहे. तो झेवियरचा गुरू आणि येशूसंघाचा संस्थापक, इग्नेशियस लोयोला. त्याच्याकडे पाहताना कोणाच्या मनातही येणार नाही की, ऐन तिशीत या माणसाला आपल्या खोलीतल्या एका भगदाडातून उडी टाकून जीव द्यावा असे पुनःपुन्हा वाटत होते. आणि तेही कशासाठी, तर आपण कबूल केलेल्या पापांच्या यादीतून एखादे पाप राहून तर गेले नाही ना, एवढ्या एका शंकेपायी.

या दुखण्याला कॅथॉलिक धर्मशास्त्रात जुने नाव आहे. लॅटिन भाषेत ‘स्क्रुपुलस’ म्हणजे टोकदार बारीक खडा, जोड्यात शिरणारा. वाटेत धोंडा आडवा आला तर माणूस वळसा घालून जातो. खडा मात्र पावलागणिक टोचतो आणि बाहेरून कोणाला दिसत नाही. याच शब्दाने रोमन लोक औंसाच्या चोविसाव्या हिश्श्याचे एक चिमुकले वजनही ओळखत. जेथे पाप नाही तेथे पाप दिसणे, असलेले धुऊन निघाले तरी निघाले नाही असे वाटत राहणे, अशा मनोवस्थेला ख्रिस्ती पंडितांनी हा शब्द लावला. आपल्याला ही गोष्ट अगदी परकी नाही. सोवळ्यात असताना ‘शिवले की काय’ एवढ्या नुसत्या संशयाने भर थंडीत तिसऱ्यांदा अंगावर पाणी घेणारी एखादी म्हातारी आत्या ज्याने पाहिली आहे, त्याला पुढची हकीकत समजावयास जड जाणार नाही.

इग्नेशियसचे मूळ नाव इनिगो. जन्म १४९१ चा, स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतातल्या एका सरदार घराण्यातला. तरुणपण दरबारी थाटात गेले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाचा किल्ला लढवीत असताना तोफेचा गोळा लागून त्याच्या एका पायाचे हाड मोडले. हाड बसविले ते वाकडे बसले. पुन्हा मोडून पुन्हा बसविले, तरी गुडघ्याखाली एक टेंगूळ राहिले आणि पाय आखूड झाला. त्या काळी दरबारात पायाला घट्ट बसणारे उंच जोडे घालण्याची रीत होती; टेंगळावर ते चढले नसते. इनिगोने वैद्यांना विचारले, हे कापून काढता येईल काय? ते म्हणाले, येईल, पण आजवर सोसले त्याहून अधिक सोसावे लागेल. भूल देण्याची विद्या अजून तीनशे वर्षे दूर होती. थोरल्या भावाने हात टेकले. तरी इनिगोने ते हाड करवतीने कापून घेतले आणि मग पाय लांब व्हावा म्हणून यंत्रात ताणून ठेवून कित्येक दिवस यातना भोगल्या. एवढे करून लंगडेपण जन्मभर राहिले ते राहिलेच.

हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने सांगितला. चरित्रकार तो तरुणपणीच्या फुशारकीचा नमुना म्हणून सांगतात आणि मग म्हणतात की, नंतर तो बदलला. मला तसे वाटत नाही. करवत तीच राहिली. फक्त ती पायावरून उचलून त्याने आत्म्यावर ठेवली.

अंथरुणावर पडल्यापडल्या त्याने शिलेदारांच्या अद्भुत कथा वाचावयास मागितल्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्ताचे एक चरित्र आणि संतांच्या कथांचे एक पुस्तक तेवढे होते. ती वाचून हा गडी मनाशी बोलू लागला की, संत डॉमिनिकने अमुक केले, मग मलाही ते केले पाहिजे. संत फ्रान्सिसने तमुक केले, मग तेही मी करणार. द्वंद्वयुद्धाची खुमखुमी तशीच, प्रतिस्पर्धी मात्र बदलले. मार्च १५२२ मध्ये तो मोन्सेरातच्या डोंगरावरील मठात गेला. तेथे तीन दिवस खपून त्याने साऱ्या जन्माची पापे कागदावर लिहून काढली आणि धर्मगुरूपुढे निवेदन केली. गोव्यात ज्याला ‘कुमसार’ म्हणतात तोच हा विधी. तलवार वेदीपाशी ठेवली, उंची कपडे भिकाऱ्याला दिले आणि जवळच्या मान्रेसा गावी थोडे दिवस राहावे म्हणून गेला. तेथे दहाअकरा महिने निघाले.

मान्रेसात तो भीक मागे, मांस खात नसे, दिवसाचे सात तास गुडघे टेकून प्रार्थना करी. पूर्वी केसांचा फार षोक होता म्हणून केस विंचरीनासा झाला; नखे वाढू दिली. पहिले काही महिने मन अगदी शांत होते. मग खडा टोचू लागला. मोन्सेरातला सारे सांगितले खरे, पण अमुक गोष्ट नीट सांगितली का? सांगितली, पण सगळी सांगितली का? तो पुन्हा कुमसारला जाई. समाधान होत नसे. तेथील मुख्य चर्चमधल्या एका विद्वान प्रवचनकाराने सुचविले, आठवेल ते सारे लिहून काढा. त्याने लिहिले. परिणाम उलटाच झाला. शंका अधिक बारीक होऊन परत आल्या. त्याच्या धर्मगुरूने सांगितले, मागचे काही सांगू नका, अगदी स्पष्ट असेल तेवढे सांगा. आता या सल्ल्यात गैर काय? पण इनिगोला सगळेच स्पष्ट दिसत होते! आपल्या गुरूने ‘मागचे एक अक्षर सांगू नकोस’ अशी ख्रिस्ताच्या नावाने सक्त आज्ञा करावी, असे त्याला फार वाटे. आणि ते बोलून दाखविण्याचा धीर मात्र होत नसे.

डॉमिनिकन मठात त्याला राहावयास दिलेल्या कोठडीत, प्रार्थनेच्या जागेजवळच, एक मोठे भगदाड होते. आत्महत्येचा विचार यावयाचा तो तेथे. तेही पापच, म्हणून तो मागे सरे आणि देवाचा धावा करी. शेवटी कोण्या एका संताने देवाकडून मागणे पुरे करून घेण्यासाठी अन्न सोडले होते ते आठवून त्याने पूर्ण आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले. रविवारी गुरूला कळले तेव्हा त्याने उपास सोडावयास लावले. दोन दिवस बरे गेले. मंगळवारी प्रार्थनेला बसला असता एका पापावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे अशी माळ पुन्हा सुरू झाली.

आणि तेथेच ती तुटली. इग्नेशियसने म्हातारपणी, १५५३ ते १५५५ च्या दरम्यान, गोन्साल्व्हिस द कामारा या सहकाऱ्याला आपली हकीकत सांगून लिहवून घेतली. तीत तो स्वतःला ‘मी’ न म्हणता ‘यात्रेकरू’ म्हणतो. मी कादंबऱ्या लिहितो. अशा जागी मी असतो तर एखादा दिव्य प्रकाश तरी पाडला असता. या गृहस्थाला पुढेमागे साक्षात्कार झालेले आहेत, ते तो सांगतोही. पण या ठिकाणी त्याने एकही वापरलेला नाही. तो म्हणतो एवढेच की, देवाच्या इच्छेने झोपेतून जागे व्हावे तसे झाले. ही शंका आपल्या मनात कोणत्या वाटेने आली, याकडे त्याने पाहिले. आणि मागचे काहीही पुन्हा निवेदन करावयाचे नाही, असे ठरविले. त्या दिवसापासून तो सुटला.

बारकाईने पाहा. आपली सारी पापे सांगून झाली, अशी खात्री त्याला पटली काय? मुळीच नाही. खात्रीवाचून जगावयाचे त्याने ठरविले. एरवी जो माणूस हाडाचे टेंगूळ ठेवू देत नव्हता, त्याने हिशेबातली ही बाकी तशीच ठेवली.

यात धर्मसंस्थेचाही थोडा वाटा होता, हे सांगितले पाहिजे. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम घातला, आणि पुढे १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने गंभीर पापे प्रकारवार आणि संख्येसह सांगितली पाहिजेत हे पक्के केले. कसून शोधूनही जे आठवले नाही ते माफ झाले असे समजावे, अशी सवलत तेथेच दिली आहे. पण कसून म्हणजे किती कसून? निरोगी माणूस या शब्दाशी थांबत नाही. संशयग्रस्ताला तीच विहीर. इग्नेशियसचा समकालीन मार्टिन लूथर १५०५ साली एर्फुर्टच्या मठात शिरला, तोही याच विहिरीत तासन्‌तास उतरत असे आणि त्याचा वरिष्ठ श्टाउपिट्स त्याची समजूत घालून थकत असे. पाम्प्लोनाचा गोळा सुटण्याच्या महिनाभर आधी लूथर वर्म्सच्या सभेत सम्राटापुढे उभा होता. एकाने जोड्यातला खडा काढला, दुसऱ्याने जोडाच काढला, असे थट्टेने म्हणता येईल. थट्टेनेच, कारण लूथरने निवेदनाची चाल सोडली नाही, सक्ती आणि मोजदाद सोडली.

मान्रेसात शिकलेले इग्नेशियसने ‘आत्मिक साधना’ या पुस्तिकेत घातले. तिला पोप तिसऱ्या पॉलने १५४८ साली मान्यता दिली. तिच्या अखेरीस या खड्यांविषयी काही टिपणे आहेत. दोन काड्या एकमेकींवर पडून क्रूस झाला आणि माझा पाय त्यावर पडला, म्हणून मी पाप केले असे ठरविले, तर तो निव्वळ चुकीचा निवाडा. पण पाय पडल्यावर बाहेरून कोणी कुजबुजावे तसा विचार येतो, ‘पाप झाले’. दुसरीकडे वाटते, ‘नाही झाले’. आणि मन हेलकावत राहते, तो खरा खडा. पुढे तो म्हणतो की, शत्रू आधी आत्म्याची जात पाहतो. जाडाभरडा असेल तर त्याला आणखी जाडाभरडा करतो. नाजूक असेल तर नाजूकपणाच इतका ताणतो की तो तुटावा. म्हणून प्रत्येकाने आपल्या ओढीच्या उलट दिशेला चालावे.

हे मला मास्तर म्हणून फार पटते. दर वर्षी वर्गात एखादा मुलगा असतोच, जो शुद्धलेखनाचे एक अक्षर खोडरबराने पुसून पुसून कागदाला भोक पाडतो. वर्गातला तोच सर्वांत प्रामाणिक, आणि वही शेवटी त्याचीच येते. शेजारच्याला ‘नीट लिही’ म्हणावे लागते. तेच याला म्हटले तर त्याचा घात होतो. त्याला सांगावे लागते, ‘पुरे, पुढच्या ओळीवर जा.’

नवे मानसशास्त्र निराळ्या वाटेने जवळपास याच ठिकाणी पोहोचले. पिएर जाने या फ्रेंच वैद्याने १९०३ साली अशा रोग्यांवर मोठा ग्रंथ लिहिला; १९०७ मध्ये फ्रॉइडने धार्मिक विधी आणि या रोग्यांची कर्मकांडे यांतले साम्य दाखविले. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायरने दोन रोग्यांना भीती वाटते तेथे नेले आणि नेहमीचे शुद्धीकरण मात्र करू दिले नाही. आज या विकाराचा मुख्य मानसोपचार त्यातूनच आलेला आहे. दर वेळी दिलासा दिला की रोग पोसतो, हे आता वैद्य सांगतात. एकच गुरू धरा, सांगितलेले पुन्हा सांगू नका, हे जुने धर्मगुरू सांगत. आज शहाणा धर्मगुरू अशा माणसाला डॉक्टरकडेही पाठवितो.

मात्र ज्ञान झाले म्हणून ते सर्वांनी घेतले असे नाही. इग्नेशियसने स्वतःच रोजचे दोष मोजण्यासाठी ओळीवर ठिपके मांडावयाचा तक्ता घालून दिला आहे. नाजूक मनाच्या हाती तो पडला तर काय होईल, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? १५४८ साली गांदियाचा ड्यूक फ्रान्सिस बोर्जा उपासतापासाने खंगू लागला, तेव्हा त्याने पत्र लिहून प्रार्थनेचा वेळ निम्मा करावयास आणि पोटभर जेवावयास सांगितले. पण पुढच्या शतकात फ्रान्समध्ये वारे फिरले. पोर-रॉयाल मठाची तरुण मुख्या आंजेलिक आर्नो हिने १६०९ साली शिस्तीसाठी आपल्या जन्मदात्या बापालाही दाराबाहेर ठेवले. फ्रान्सिस द सालेस या सौम्य बिशपची आणि तिची १६१९ मध्ये गाठ पडली. इतके मोठाले मासे धरण्यापेक्षा थोडे लहान धरावे आणि जास्त धरावे, असे त्याने तिला सुचविले म्हणतात. तो १६२२ साली वारला, आणि तिच्या मठावर यान्सेनच्या पंथाची छाया पडली. तिचा भाऊ आंत्वान याने १६४३ साली ग्रंथ लिहून, पुरेशी शुद्धी झाल्यावाचून ख्रिस्तप्रसादाला हात लावू नये, असे बजावले. पुरेशी! पुन्हा तीच विहीर. भाविक माणसे भक्तीपोटीच वेदीपासून दूर राहू लागली. १९०५ साली पोप दहाव्या पायसने, जो गंभीर पापात नाही आणि ज्याचा हेतू शुद्ध आहे त्याने रोजही प्रसाद घ्यावा, असे फर्मावले, तेव्हा कुठे तो वाद मिटला.

नेपल्सचा आल्फोन्सो लिगोरी हा नाणावलेला वकील १७२३ साली एका कागदाकडे दुर्लक्ष झाल्याने मोठा खटला हरला आणि त्याने वकिली कायमची सोडली. पुढे तो कॅथॉलिक नीतिशास्त्राचा मोठा आचार्य झाला, इतरांची मने हलकी करणारा; त्याच्या स्वतःच्या मनातला खडा मात्र नव्वदीपर्यंत गेला नाही.

लिझ्यूच्या तेरेझाला हे दुखणे १८८५ साली, बाराव्या वर्षी जडले आणि दीड वर्ष टिकले. मनात आलेली प्रत्येक क्षुल्लक गोष्ट ती थोरली बहीण मारी हिला रडत रडत सांगे. पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली. पूर्णतेची चढण आपल्याच्याने चढवणार नाही हे तिने उघड कबूल केले, आणि श्रीमंतांच्या घरी नव्याने आलेल्या पाळण्याकडे, लिफ्टकडे, बोट दाखवून म्हटले की मला तसे कोणी उचलून न्यावे. १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने ती गेली. शंभर वर्षांनी चर्चने तिला आचार्यपद दिले. तिच्या आत्मचरित्रात एक बारीकशी नोंद आहे. मठात प्रार्थनेच्या वेळी तिला झोप लागे, एकदा नव्हे, कित्येक वर्षे. याचे आपल्याला वाईट वाटावयास हवे, असे ती म्हणते. पण वाटत नाही. लेकरे झोपलेली असली तरी आईबापांना आवडतातच, आणि शस्त्रक्रिया करावयाची असली म्हणजे डॉक्टरदेखील रोग्याला आधी झोपवितात.