एक गीत, दोन विद्यापीठे

वर्धा नदीच्या एका तीरास इंग्रजी अमलातील चांदा जिल्हा, दुसऱ्या तीरास निजामाचा राजुरा. १९३८ साली निजामाच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. औरंगाबादच्या महाविद्यालयातील मराठी मुलेही त्यांत होती. शेकडोंची नावे पटावरून कमी झाली. चांद्याचे विद्यार्थी ज्या नागपूर विद्यापीठाच्या परीक्षांस बसत, त्याने या बहिष्कृतांस प्रवेश दिला, पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. त्या वेळी मध्यप्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते हे खरे. तथापि विद्यापीठ ज्ञानासाठी की राजनिष्ठेसाठी, याचे इतके रोखठोक उत्तर विरळाच. १९५९ साली राजुरा चांदा जिल्ह्यात आला. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ निघाले. राजुऱ्याचे महाविद्यालय आज त्याच्याच कक्षेत आहे.